सूत्रात ओवलेली गाणी : कॉन्सेप्ट अल्बमच्या श्रेष्ठत्वाच्या वादाची पार्श्वभूमी

लोकप्रिय संगीतातील सर्वांत थोर कॉन्सेप्ट अल्बम, म्हणजे एका सूत्रात बांधलेल्या गाण्यांचा अल्बम, कोणता, हा वाद पाच दशकांहून अधिक काळ चालू आहे आणि तो लंडन-न्यूयॉर्कच्या नियतकालिकांपुरता राहिलेला नाही. जळगाव, भुसावळ, धुळे या गावांत ज्यांनी कॅसेटच्या काळात इंग्रजी गाणी ऐकायला सुरुवात केली, त्यांच्या बैठकीतही तो हमखास निघतो. कोणी बीटल्स या इंग्रज बँडचे नाव घेतो, कोणी पिंक फ्लॉइड या दुसऱ्या इंग्रज बँडचे, आणि अलीकडे महाविद्यालयात शिकणारी मुले केंड्रिक लामार या अमेरिकन रॅपरचे नाव घेऊन त्यात उतरतात. वाद मिटत नाही, कारण वाद घालणाऱ्यांच्या मनात त्या शब्दाचे अर्थच वेगवेगळे असतात. एकाला अल्बममध्ये आरंभ, मध्य आणि शेवट असलेली गोष्ट हवी असते. दुसऱ्याला सर्व गाण्यांवर एकाच मनःस्थितीची छाया असली तरी पुरते. तिसऱ्याच्या मते दोन गाण्यांमधली शांतता पुसली जाऊन संगीत सलग वाहू लागले की झाले. हे तिन्ही अर्थ वेगवेगळ्या काळात, त्या त्या काळच्या साधनांच्या सोयी-गैरसोयींतून जन्मले आहेत. म्हणून निवाडा करण्यापूर्वी त्यांचा इतिहास पाहणे आवश्यक आहे.

माझी स्वतःची कसोटी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचे लेखन कोणत्या बाजूने झुकते आहे हे वाचकाला कळेल. गाण्यांचा क्रम बदलला तर काही मोडते का, एवढाच प्रश्न मी विचारतो. ही कसोटी मला कोणत्या समीक्षकाकडून मिळालेली नाही, ती घरात बसणाऱ्या कानबाई या देवीच्या रात्रीतून मिळाली. खानदेशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर जागरण होते आणि सोमवारी सकाळी तिला नदीवर पोहोचवतात. त्या रात्री बाया जी गाणी म्हणतात त्यांना लिहिलेला क्रम नसतो, पण क्रम असतो: आधी रोटाच्या, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या, दळणाची आणि तिच्या येण्याची, मग शृंगाराची, मग तिच्या माहेर-सासरची, आणि उजाडताना निरोपाची. लहानपणी मी एकदा रात्री अकराच्या सुमारास निरोपाच्या गाण्याचा हट्ट धरला होता, कारण त्याची चाल मला आवडे. आजीने पदर सावरत एवढेच म्हटले, “आते नही रे भाऊ, ते सकायले.” ते गाणे गोड होते, सर्वांना पाठ होते आणि तरीही त्या घटकेला ते म्हणता येत नव्हते, कारण त्याच्या आधीचे सर्व अजून म्हणून झाले नव्हते. गाण्याचा अर्थ त्याच्या शब्दांइतकाच त्याच्या जागेत असतो, हे मला तिथे कळले.

आता शब्दाकडे वळू. ‘अल्बम’ हे नाव संगीताला फोटोंच्या वहीवरून मिळाले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तबकड्या लाखेच्या असत, आणि ती लाख मोठ्या प्रमाणात आपल्याच देशातून जात असे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या अशा दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे संगीत मावत असे. आपल्याकडच्या गवयांनी तासाभराचा ख्याल या तीन मिनिटांत कसा बसवला, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. एखादी लांब रचना द्यायची झाली तर चार-सहा तबकड्या कागदी खिशांच्या जाड वहीत घालून विकाव्या लागत; १९०९ मध्ये ओडियन कंपनीने चायकोव्हस्कीची ‘नटक्रॅकर’ ही रचना चार तबकड्यांत अशीच बाजारात आणली होती. म्हणजे अल्बम ही प्रथम बांधणीची वस्तू होती. त्यात काय असावे याविषयी कोणतीही कलात्मक अपेक्षा त्या शब्दात नव्हती.

अनेक गीते एका सूत्रात बांधण्याची कल्पना मात्र तबकडीपेक्षा जुनी आहे. युरोपात बेथोव्हेनने १८१६ मध्ये आणि शुबर्टने १८२७ मध्ये गीतमाला रचल्या; शुबर्टच्या ‘विंटरराइज’मध्ये हिवाळ्यात एकटा भटकणाऱ्या माणसाची चोवीस गीते आहेत. लोकप्रिय संगीतात या कल्पनेचा पहिला ठळक ठसा बहुतेक अभ्यासक १९४० च्या ‘डस्ट बोल बॅलड्स’मध्ये पाहतात. वुडी गथ्री या अमेरिकन गायकाने ओक्लाहोमा-टेक्सासच्या पट्ट्यातील अवर्षण, धुळीची वादळे आणि त्यामुळे घरदार सोडून कॅलिफोर्नियाच्या शेतमळ्यांत मजुरीला गेलेल्या कुटुंबांवर ही गाणी लिहिली होती, आणि व्हिक्टर कंपनीने ती प्रत्येकी तीन तबकड्यांच्या दोन संचांत काढली. साधा गिटार, साधा आवाज, आणि गाण्यामागून गाण्यात तोच रस्ता, तीच भूक. नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पाड्यांवरून दरवर्षी दिवाळीनंतर दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्यांच्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही गाणी समजण्यासाठी अमेरिकेचा नकाशा उघडावा लागत नाही. यात नायक नाही, कथानकही सलग नाही, पण सूत्र इतके घट्ट आहे की कोणतेही गाणे वेगळे ऐकले तरी ते उरलेल्यांची आठवण करून देते.

जून १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेणारी, बारीक खाचांची, विनाइलची लाँग प्ले तबकडी आणली आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचे संगीत मावू लागले. या विषयाच्या इतिहासात एवढी निर्णायक दुसरी घटना नाही. ज्याला आपण कलावंताची प्रतिभा म्हणतो तिला आता एक ठरावीक आकाराचा फड मिळाला: दोन बाजू, प्रत्येकी वीस मिनिटे, मध्ये ऐकणाऱ्याने उठून तबकडी उलटण्याचा विराम. या फडाचा पहिला खरा जाणकार फ्रँक सिनात्रा हा अमेरिकन गायक होता. एप्रिल १९५५ मध्ये कॅपिटल कंपनीने काढलेल्या त्याच्या ‘इन द वी स्मॉल अवर्स’ या अल्बममध्ये सोळा गाणी आहेत आणि ती सर्व उत्तररात्री जागणाऱ्या, प्रेमात हरलेल्या माणसाची आहेत. संगीत-संयोजन नेल्सन रिडलचे होते. यातली बहुतेक गाणी जुनीच होती आणि ती इतरांनी आधी गायलेली होती. नवी गोष्ट होती ती निवड आणि मांडणी. सूत्र म्हणजे मनःस्थिती, हा अर्थ इथे पक्का झाला.

याच महिन्यात, १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत असलेले हे गीत दर आठवड्याला एक याप्रमाणे पुढच्या रामनवमीपर्यंत चालले. त्या वर्षी अधिक मास आल्याने गीतांची संख्या छप्पन्न झाली. या दोन घटना एकाच महिन्यातल्या असणे हा योगायोगच आहे आणि त्यांचा परस्परांशी काडीचाही संबंध नव्हता, पण मराठी ऐकणाऱ्याने हा योगायोग लक्षात ठेवावा असे मला मनापासून वाटते. बीटल्सच्या १९६७ मधील गाजलेल्या अल्बमच्या आधी बारा वर्षे आपल्याकडे एक संपूर्ण कथा गीतांच्या क्रमात सांगितली गेली होती, आणि तीही साध्या पद्धतीने नव्हे: पहिल्या गीतात कुश-लव रामासमोर रामाचीच कथा गाऊ लागतात, पुढे प्रत्येक पात्र आपापल्या तोंडून बोलते, आणि अखेरीस वाल्मीकी त्या बाळांना रामायण गाण्यास सांगतात, म्हणजे शेवट पुन्हा आरंभाला येऊन मिळतो. ऐकणाऱ्याला क्रम मोडण्याची मुभाच नव्हती, कारण पुढचे गीत ऐकण्यासाठी आठवडाभर थांबावे लागे. ‘गीतरामायण’ तबकडीसाठी रचले गेले नव्हते, ते रेडिओसाठी होते, त्यामुळे अल्बम या शब्दाच्या काटेकोर व्याख्येत ते बसत नाही असे कोणी म्हणेल. सूत्रबद्धतेच्या कसोटीवर मात्र त्याला टाळून हा इतिहास लिहिता येत नाही.

साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत रॉक संगीतात एकेरी गाण्याची छोटी तबकडी हेच चलन होते. अल्बम म्हणजे दोन-तीन गाजलेली गाणी आणि भरतीची उरलेली, असा कारखान्याचा हिशेब असे. मे १९६६ मध्ये बीच बॉइज या अमेरिकन बँडच्या ‘पेट साउंड्स’ने तो हिशेब नाकारला, बँडच्या ब्रायन विल्सनने स्टुडिओ हेच वाद्य मानून तारुण्याच्या उंबरठ्यावरील घालमेल सबंध तबकडीभर पसरवली. पाठोपाठ जूनमध्ये फ्रँक झापाच्या मदर्स ऑफ इन्व्हेन्शनचा ‘फ्रीक आउट!’ आला. आणि मग १९६७ च्या मे महिन्याच्या अखेरीस बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’.

या अल्बममागची कल्पना बीटल्सच्या चौघांपैकी पॉल मॅकार्टनीची होती: चौघांनी आपण बीटल्स नसून एक काल्पनिक बँड आहोत असे मानायचे आणि त्या बँडचा एक कार्यक्रम तबकडीवर उभा करायचा. सुरुवातीला प्रेक्षकांची कुजबुज आणि वाद्ये जुळवण्याचे आवाज, शेवटाकडे शीर्षकगीताची पुनरावृत्ती, आणि त्यानंतर एक स्वतंत्र, गंभीर गीत. मुखपृष्ठाच्या मागे सर्व गाण्यांचे शब्द छापलेले होते, आणि ते कविता म्हणून वाचावेत ही सूचना त्यातच होती. पुढच्या वर्षी या अल्बमला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले, जे रॉक संगीताला पहिल्यांदाच मिळत होते. पण सूत्र खरोखर कितपत आहे? जॉन लेननने पुढे स्पष्टपणे सांगितले की त्याची गाणी त्या काल्पनिक बँडच्या कल्पनेशी संबंधित नव्हती आणि ती कोणत्याही दुसऱ्या अल्बमवर चालली असती. माझ्या कसोटीवर हा पुरावा निर्णायक आहे. चौकट सुरेख आहे, चित्रे एकाहून एक सरस आहेत, पण मधली कित्येक चित्रे जागा बदलून टांगली तरी भिंतीला फरक पडत नाही.

वादाचा आरंभही इथूनच झाला. अल्बम निघाल्यावर महिन्याच्या आतच न्यूयॉर्क टाइम्समध्ये रिचर्ड गोल्डस्टीन या तरुण समीक्षकाने त्यावर नाराजीचा लेख लिहिला आणि वाचकांच्या संतापाला तोंड दिले. लोकप्रिय गाण्यांच्या एखाद्या संग्रहावर इतक्या गांभीर्याने भांडण व्हावे, ही गोष्टच नवी होती. आपल्या दृष्टीने या अल्बमच्या दोन आठवणी महत्त्वाच्या आहेत. मुखपृष्ठावरील गर्दीत महात्मा गांधींचे चित्रही ठेवले होते, पण भारतातील लोक दुखावतील या भीतीने ईएमआय कंपनीने ते काढायला लावले. युक्तेश्वर, लाहिरी महाशय, परमहंस योगानंद ही योग्यांची चित्रे मात्र राहिली. आणि जॉर्ज हॅरिसनच्या भारतीय धाटणीच्या गीतात लंडनमधील ज्या भारतीय वादकांनी साथ केली, त्यांची नावे मूळ तबकडीवर छापलीच गेली नाहीत. अनेक वर्षांनी ती प्रकाशात आली तेव्हा दिलरुबा वाजवणाऱ्यांत अण्णा जोशी हे नाव दिसले. जगभर कोट्यवधी घरांत पोहोचलेल्या त्या तबकडीवर एका जोशींचा गज फिरला होता, आणि इतकी वर्षे ते नाव कुणाच्या ओठावर आले नाही, याची खंत वाटते.

यानंतर गोष्ट सांगणाऱ्या अल्बमांची रीघ लागली. मूडी ब्लूजने एका दिवसाचे प्रहर वाद्यवृंदासह मांडले, किंक्सने लोप पावणाऱ्या इंग्रजी खेड्याची स्मृती जपली, प्रिटी थिंग्जने एका माणसाचा जन्मापासून म्हातारपणापर्यंतचा प्रवास गायला. या सर्वांत मोठा गाजावाजा झाला तो मे १९६९ मध्ये आलेल्या द हू या बँडच्या ‘टॉमी’चा. लहानपणी डोळ्यांसमोर एक हत्या पाहिलेल्या आणि ‘तू काही पाहिले नाहीस, काही ऐकले नाहीस’ असे दटावलेल्या मुलाचे डोळे, कान आणि वाचा मिटून जाते. पुढे ती परत येते, लोक त्याला गुरू मानतात आणि अखेर त्याच्यावरच उलटतात. ही कथा बँडच्या पीट टाउनशेंडला सुचली ती मेहेरबाबांच्या प्रभावाखाली, आणि अल्बमच्या वेष्टनावर मेहेरबाबांचे नावही छापलेले आहे. पुण्यात १८९४ मध्ये इराणी कुटुंबात जन्मलेल्या मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ पासून मौन धरले होते आणि ३१ जानेवारी १९६९ ला त्यांचे देहावसान झाले तोवर ते सोडले नाही. आजच्या अहिल्यानगरजवळ अरणगावच्या माळावर, मेहेराबादला त्यांची समाधी आहे. धुळ्याहून निघालेला माणूस चार-पाच तासांत तिथे पोहोचतो. रॉक ऑपेरा म्हणून ज्याचे नाव जगभर घेतले जाते, त्या कृतीचे एक मूळ आपल्यापासून काही तासांवरच्या एका मौनात आहे, हे आपल्याकडच्या चर्चेत क्वचितच येते. बोलू न शकणारा टॉमी आणि न बोलणारे बाबा यांच्यातील नाते ध्यानात आल्यावर त्या अल्बममधील शांततेचे प्रसंग वेगळे ऐकू येतात. तरीही कथा म्हणून ‘टॉमी’ विस्कळीत आहे, काही दुवे ऐकणाऱ्यालाच जोडावे लागतात, आणि दोन तबकड्यांच्या लांबीत काही गाणी केवळ कथा पुढे ढकलण्यासाठी आहेत. क्रम बदलला तर इथे सगळेच मोडते. पण क्रम टिकवण्यासाठी गाणे कमकुवत होऊ देणे हाही एक दोषच आहे.

सत्तरच्या दशकात या प्रकाराचा अतिरेक झाला, आणि तो इतका की जेथ्रो टल या बँडच्या इयन अँडरसनने समीक्षकांनी आपल्या आधीच्या अल्बमवर लादलेल्या ‘कॉन्सेप्ट’ या शिक्क्याला उत्तर म्हणून १९७२ मध्ये दोन्ही बाजू व्यापणारे एकच सलग गाणे केले आणि ते एका आठ वर्षांच्या मुलाची दीर्घ कविता असल्याचे भासवत, खोटे वृत्तपत्र छापून त्याच्याच वेष्टनात दिले. त्याच वर्षी डेव्हिड बोवी या इंग्रज गायकाने झिगी स्टारडस्ट हे पात्र निर्माण केले. पण या दशकातील ज्या अल्बमकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, तो यांच्या परंपरेतला नाही.

मार्विन गे या अमेरिकन गायकाचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ मे १९७१ मध्ये आला. मोटाउन ही कृष्णवर्णीय संगीताची डेट्रॉइटमधील कंपनी तेव्हा तीन मिनिटांच्या प्रेमगीतांसाठी प्रसिद्ध होती आणि तिचा संस्थापक बेरी गॉर्डी याला शीर्षकगीत अजिबात रुचले नव्हते. त्या गीताचा उगम फोर टॉप्स या गटातील ओबी बेन्सनने कॅलिफोर्नियातील बर्कली येथे १९६९ मध्ये पाहिलेल्या पोलिसी अत्याचारात होता. गेचा भाऊ व्हिएतनामच्या युद्धावरून परतला होता आणि त्याने सांगितलेल्या हकिकतींनी गे अस्वस्थ होता. जानेवारीत छोटी तबकडी निघाली, ती तुफान खपली, आणि मग पूर्ण अल्बमला मुभा मिळाली. त्यात केवळ नऊ गाणी आहेत. पहिल्या बाजूवरील गाणी एकमेकांत अशी मिसळतात की एक कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले हे सांगता येत नाही: घरी परतलेल्या सैनिकाच्या भेटीगाठींच्या गलबल्याने आरंभ होतो, तो गावात काय चालले आहे विचारतो, नोकरी मिळत नाही, मित्र नशेत बुडाले आहेत, मुलांचे पुढे काय होणार याची चिंता आहे, हवा आणि पाणी विषारी झाले आहे. ही एका माणसाची गोष्ट आहे आणि ती कुठेही ‘गोष्ट’ म्हणून सांगितलेली नाही. तोच वाद्यमेळ, तीच हळुवार लय गाण्यामागून गाण्यात परतते, आणि अखेरच्या गीताच्या शेवटी आरंभीची हाक पुन्हा ऐकू येते. मनःस्थिती, कथा आणि सलगता हे सुरुवातीला सांगितलेले तिन्ही अर्थ पस्तीस मिनिटांत एकत्र आले आहेत, आणि त्यांपैकी कशासाठीही गाण्याने माघार घेतलेली नाही.

१ मार्च १९७३ ला निघालेल्या पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’विषयी लिहिताना मला थोडे वैयक्तिक व्हावे लागेल, कारण तो मी अनेक वर्षे चुकीचा ऐकला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आमच्या गावात एका दुकानात कोरी कॅसेट दिली की हवी ती गाणी भरून मिळत. मी साठ मिनिटांची कॅसेट देऊन हा अल्बम भरून घेतला. मूळ तबकडीची पहिली बाजू सुमारे एकोणीस मिनिटांची आहे. ती संपल्यावर टेप रिकामी जाऊ नये म्हणून दुकानदाराने दुसऱ्या बाजूचे पैशांवरचे गाणे लगेच पुढे भरले, त्याच्यानंतरचे निम्म्यावर तुटले, आणि कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला उरलेला भाग संपल्यावर त्या वर्षी गाजणारी नाचाची गाणी घातली. त्याचा हेतू चांगला होता. गिऱ्हाइकाची टेप वाया जाऊ नये एवढेच त्याच्या मनात होते. पण मृत्यूवरचे ते शब्दहीन, टाहो फोडल्यासारखे गायन विझते न विझते तोच नाण्यांचा खणखणाट सुरू होई, आणि अल्बमच्या अगदी शेवटी ऐकू येणारे हृदयाचे ठोके थांबण्याआधीच ढोलकावरचा ताल आदळे. पुढे एका ज्येष्ठ स्नेह्याकडे मूळ तबकडी ऐकायला मिळाली. पहिली बाजू संपली, सुई उचलली गेली, ते उठले, तबकडी दोन तळव्यांत धरून उलटली, फुंकर घालून पुन्हा ठेवली. तो अर्धा मिनिट खोलीत कोणीच बोलले नाही. त्या शांततेनंतर नाणी वाजली तेव्हा मला प्रथमच कळले की आयुष्य संपण्याचे गाणे आणि पैशाचे गाणे यांच्यामध्ये माणसाला उठावे लागणे हाही त्या रचनेचा भाग झाला होता.

त्या अल्बमचे सूत्र काळ, पैसा, भांडण, वेड आणि मरण या सर्वांना पुरून उरणाऱ्या ताणाचे आहे. बँडच्या रॉजर वॉटर्सने कागदाच्या पत्त्यांवर प्रश्न लिहून स्टुडिओतल्या माणसांना ते विचारले आणि त्यांची उत्तरे गाण्यांच्या मध्ये पेरली. चंद्राची वेगळी काळोखी बाजू नसतेच, तो सगळाच काळोखा असतो, अशा अर्थाचे शेवटचे बोलणे ॲबी रोड स्टुडिओच्या दरवानाचे आहे. एका दरवानाच्या तोंडी सबंध कृतीचा सारांश देण्याचे धाडस मला आजही थक्क करते. वॉटर्सचा पुढचा मोठा प्रकल्प, नोव्हेंबर १९७९ मधील ‘द वॉल’, आपल्याकडच्या वसतिगृहांत अधिक गाजला, पण तो एका गाण्यामुळे, शाळेवर राग काढणाऱ्या त्या समूहगीतामुळे. बाकीचा अल्बम फार थोड्यांनी सलग ऐकला असावा. पंक संगीताने १९७६-७७ मध्ये या साऱ्या भव्यतेविरुद्ध बंड केले होते आणि काही काळ ‘कॉन्सेप्ट’ ही जवळजवळ शिवी झाली.

मराठीत याच काळात, राज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीच्या वर्षी म्हणजे १९७४ मध्ये, हृदयनाथ मंगेशकरांनी ‘शिवकल्याण राजा’ केला. समर्थ रामदास, कवी भूषण, सावरकर, कुसुमाग्रज अशा वेगवेगळ्या शतकांतील कवींच्या रचना लता मंगेशकरांच्या आवाजात आणि बाबासाहेब पुरंदरे यांच्या निवेदनाने जोडलेल्या, अशी ती बांधणी होती. आपल्याकडे कोणी त्याला कॉन्सेप्ट अल्बम म्हटले नाही, पण व्याख्येत तो अनेक इंग्रजी नावांपेक्षा अधिक चपखल बसतो. उलट उदाहरण आपल्या जळगाव जिल्ह्यातलेच देतो. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांची गाणी सोपानदेवांनी १९५२ मध्ये प्रकाशात आणली. त्या गाण्यांत एकाच बाईचे शेत, घरोटे, संसार आणि मन आहे, आणि तरीही तो संग्रह आहे. कोणतेही गाणे कुठूनही उचलावे, ते पूर्ण असते. हा कमीपणा नव्हे. एकाच आयुष्यातून आलेली गाणी आणि एका क्रमासाठी रचलेली गाणी यांतला फरक दाखवायला याहून चांगले उदाहरण मला सापडत नाही.

सीडी १९८२ मध्ये आली, तिच्यावर चौऱ्याहत्तर मिनिटे मावत, आणि बाजू उलटण्याचा विराम संपला. बहुतेक अल्बम यामुळे केवळ लांबले. नव्वदच्या दशकात रेडिओहेडच्या ‘ओके कॉम्प्युटर’ने जुन्या प्रश्नाला पुन्हा धार आणली. पण या प्रकाराचे खरे पुनरुज्जीवन हिपहॉपमध्ये झाले, आणि त्यात केंड्रिक लामारचे काम सर्वांत विचारपूर्वक आहे. २०१२ च्या अल्बममध्ये कॉम्प्टनमधल्या एका मुलाचा दिवस घरच्यांच्या फोनवरील निरोपांतून उलगडतो. २०१५ च्या ‘टू पिंप अ बटरफ्लाय’मध्ये गाण्यांच्या मध्ये एक कविता येते, दर वेळी तिच्यात आणखी काही ओळी मिळतात, आणि शेवटी ती पूर्ण म्हटली जाते, जात्यावर ओवीला ओवी जोडत नेणाऱ्या आपल्या बायांना ही युक्ती परकी वाटली नसती. २०१७ च्या ‘डॅम’ची तर त्याने पुढे उलट्या क्रमाची आवृत्तीच काढली आणि तीच गाणी शेवटाकडून आरंभाकडे ऐकल्यास वेगळे नशीब सांगतात हे दाखवून दिले. या अल्बमला २०१८ मध्ये संगीतासाठीचे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

क्रमवारीचे काय झाले, तेही पाहावे. रोलिंग स्टोन नियतकालिकाने २००३ मध्ये पाचशे सर्वश्रेष्ठ अल्बमांची यादी केली तेव्हा पहिल्या स्थानावर ‘सार्जंट पेपर्स’ होता आणि २०१२ मध्येही तोच राहिला. २०२० मध्ये नव्याने मतदान झाले तेव्हा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ पहिला आला आणि ‘सार्जंट पेपर्स’ चोविसाव्या स्थानी गेला. यादी सर्व प्रकारच्या अल्बमांची होती, त्यामुळे तिला या वादाचा निकाल म्हणता येणार नाही; मतदार बदलले, त्यांत कृष्णवर्णीयांचा आणि स्त्रियांचा आवाज वाढला, हेही त्यामागचे कारण आहे. पण मला ती योग्य दिशा वाटते. ‘सार्जंट पेपर्स’ने अल्बम ही कलाकृती असू शकते हे जगाला पटवले आणि त्याचा तो मान कोणी हिरावू शकत नाही. पटवून देणे आणि सिद्ध करणे यांत मात्र अंतर असते, आणि ते अंतर माझ्या मते मार्विन गेने पार केले.

ज्या फडावर हा खेळ वाढला तो फड मात्र आता मोडला आहे. २००३ मध्ये ॲपलने एकेक गाणे ९९ सेंटला विकायला सुरुवात केली, आणि पुढे मोबाइलवर गाणी अखंड वाहू लागल्यावर अल्बम हे केवळ एका यादीचे नाव उरले. नोव्हेंबर २०२१ मध्ये ॲडेल या गायिकेने आग्रह धरल्यावर स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरील गाणी उलटसुलट वाजवण्याचे मुख्य बटण मागे घेतले. कलावंताने गाण्यांचा क्रम विचार करून लावलेला असतो, एवढेच तिचे म्हणणे होते.

गेल्या श्रावणात आमच्याकडे कानबाई बसली, तेव्हा एका भाच्याने हौसेने मोठा स्पीकर आणला होता आणि कानबाईची बरीचशी अहिराणी गाणी मोबाइलमध्ये भरून ठेवली होती. मोबाइलने ती आपल्या मनाने वाजवायला सुरुवात केली आणि रात्री साडेअकराला, समोर फुलोरा ताजा असताना, निरोपाचे गाणे लागले. माझ्या काकू उठल्या, त्यांनी भाच्याला ते बंद करायला सांगितले, पुन्हा भिंतीला टेकून बसल्या आणि शृंगाराचे गाणे त्यांनी स्वतः धरले. दुसऱ्या ओळीपासून बाकीच्या बाया त्यात आल्या.